मेंडीच्या रिंगणातली मुलगी

कार्डिफ

प्रिय ताई,

मुक्ता पोहण्याच्या क्लासला दांडी मारते म्हणून तू वैतागली आहेस. तिची बाजू घेत नाही, पण इथली सायकलपटू एलिनॉर बार्कर हिची हकिगत तुला सांगावीशी वाटते. तीही पोहण्याच्या शिकवणीतून सुटका हवी म्हणूनच दहाव्या वर्षी सायकलीकडे वळली. तिचा क्लब मेंडी फ्लायर्स. आता गंमत ऐक. मेंडीचा ट्रॅक आज जिथे आहे तिथे पूर्वी मातीच्या खाणीत पाणी साचून झालेला खोल डोह होता. त्यात माणसं बुडाली. शेवटी तो बुजवला आणि १९५१ साली तिथे स्टेडियम सुरू झालं. म्हणजे पोहणं चुकवणारी पोर नेमकी डोहावरच सायकल फिरवू लागली!

ट्रॅक म्हणशील तर भपका काही नाही. उघड्यावरचं, जेमतेम कलतं, साधारण ४६० मीटरचं रिंगण. १९५८च्या राष्ट्रकुल स्पर्धांतल्या सायकल शर्यती इथेच झाल्या. पुढे टूर द फ्रान्स जिंकलेला गेरायंट थॉमसही याच क्लबातला. एवढ्याशा जागेतून इतके चांगले सायकलपटू निघतात, त्याची लोक फार गूढ कारणं शोधतात. मला कारण साधं वाटतं. इथे मोटारी नाहीत. आठ-दहा वर्षांचं पोर पडलं तर गुडघा फुटेल, त्याहून वाईट काही होणार नाही, म्हणून आईबाप निर्धास्त सोडतात.

एलिनॉर मात्र भराभर पुढे गेली. २०११ साली कोपनहेगनला ज्युनिअर जागतिक टाइम ट्रायलमध्ये रौप्य, पुढच्या वर्षी व्हाल्केनबर्गला सुवर्ण. टाइम ट्रायल रस्त्यावरची, एकटीने घड्याळाशी झुंजायची. आणि लगेच २०१३च्या फेब्रुवारीत मिन्स्कला ती मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत उतरली, तेही टीम परसूटमध्ये, जिथे एकटीचं काही चालत नाही. वय अठरा, ए लेव्हलचा, म्हणजे आपल्या बारावीसारखा अभ्यास चालू, आणि सोबतीला लॉरा ट्रॉट आणि डॅनी किंग, दोघी सहाच महिन्यांपूर्वी लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेल्या.

या शर्यतीचा जाच तुला कळायला हवा. सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच, आणि मागचं चाक फिरतंय तोवर पाय थांबवता येत नाहीत. पुढची वारा कापते, बाकीच्या तिच्या चाकामागे वीतभर अंतरावर. तिची पाळी संपली की ती ट्रॅकच्या चढावर बाजूला सरकते आणि रांगेच्या शेपटाला येऊन चिकटते. वेळ धरतात ती तिसरीचं चाक रेषेवर पोचेल तेव्हाची. तेव्हा बायकांच्या संघात तिघीच असत आणि अंतर तीन किलोमीटर. म्हणजे एकही मागे पडून चालायचं नाही. सगळ्यांत दमलेल्या मुलीची वेळ तीच संघाची वेळ. अशा ठिकाणी शाळकरी मुलीला उभं करायचं म्हणजे निवडणाऱ्यांचीही छाती मोठी. त्या जिंकल्या. त्याच वर्षी नियम बदलला, चौघी आणि चार किलोमीटर झाले. पुढच्या वर्षी कॅलीलाही तिच्या संघाला सुवर्णच.

मला मात्र २०१४ची ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा जास्त आवडते. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांना ती ब्रिटनकडून खेळत आली, राष्ट्रकुलात वेल्सकडून. त्यामुळे एरवी जिच्या चाकामागे जायचं ती लॉरा ट्रॉट ग्लासगोत इंग्लंडची, समोरची. पॉइंट्स रेसमध्ये ठरावीक फेऱ्यांनी स्प्रिंट होते आणि पहिल्या चौघींना गुण मिळतात. धाप लागलेली असताना डोक्यात बेरीज चालू ठेवावी लागते. दोघींचे गुण सारखे झाले आणि शेवटच्या स्प्रिंटवर ट्रॉट जिंकली. एलिनॉरला रौप्य, आणि स्क्रॅच रेसमध्ये, म्हणजे शेवटी आधी रेषा गाठेल ती जिंकली अशा शर्यतीत, कांस्य. हरणं म्हणावं तर असं असावं!

रिओला २०१६ साली दोघी पुन्हा एकाच रांगेत होत्या, सोबत केटी आर्चिबाल्ड आणि जोआना रोसेल शँड. ४ मिनिटं १०.२३६ सेकंद, जागतिक विक्रम, सुवर्ण. मिन्स्कची तिसरी, डॅनी किंग, मात्र त्या संघात नव्हती. या खेळात जागा कुणाच्या नावावर कायमची लिहून दिलेली नसते, आणि एलिनॉरला ते तेव्हाच कळलं असणार.

एकटीचं मोठं यश त्यानंतरचं. २०१७च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला स्क्रॅचमध्ये रौप्य, एमिली नेल्सनबरोबर मॅडिसनमध्ये, म्हणजे जोडीच्या शर्यतीत, रौप्य, आणि त्यानंतर पॉइंट्स रेसमध्ये, त्याच बेरजेच्या शर्यतीत, जगज्जेती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

भाऊजींना नमस्कार. पत्र मुक्तालाही वाचायला दे, डोहाचा भाग तिला आवडेल.

तुझा,
बाळू