गाळा रिकामा आहे, पण तुमच्यासाठी नाही

जातीचा विषय निघाला की आपण गाव, विहीर, मंदिर, फार तर शहरातले भाड्याचे घर इथपर्यंत बोलतो. दुकान, गाळा, ऑफिस यांच्या बाजारात जात कशी चालते, यावर आपण फारसे बोलत नाही. मी नऊ वर्षे ठाण्याच्या वागळे इस्टेट भागात व्यापारी जागांची दलाली करतो. म्हणून हे लिहितो आहे.

या धंद्यात पगार नाही. महिनोन्‌महिने साइट दाखवायच्या, कार्पेट आणि बिल्टअपचे वाद मिटवायचे, डिपॉझिट आणि लॉक-इन ठरवायचे. करारावर सही झाली तरच ब्रोकरेज. एकच गाळा मालकाने दहा दलालांना सांगितलेला असतो. कधी मालक आणि पार्टी परस्पर भेटून आपल्याला बाजूला करतात. रेरा कायद्यातली दलालाची नोंदणी प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीसाठी आहे, भाड्याच्या दलालीसाठी नाही. ज्याचे पोट मालकाच्या होकारावर चालते, तो मालकाच्या मनातले आधीच ओळखायला शिकतो. जात इथूनच शिरते.

मालक कधीच जातीचे नाव घेत नाही. तो विचारतो, “पार्टी कशी आहे? आडनाव काय?” दलाल समजतो आणि ग्राहकाला फोन करतो, “साहेब, तो गाळा गेला.” नकार मालकाचा, तोंड दलालाचे आणि पुरावा कुठेच नाही. माझे आडनाव गावावरून पडलेले, त्यामुळे माझ्यासमोर मालक मोकळेपणाने बोलतात. केटरिंगचा धंदा सुरू करणाऱ्या आपल्या एका तरुणाला मी सहा गाळे दाखवले. दोन परवडेनात. उरलेल्या चारही ठिकाणी भाडे मान्य होते, डिपॉझिट तयार होते. आडनाव कळताच चारही ‘गेले’. त्यातल्या एका मालकाचा पुढच्याच आठवड्यात मला फोन आला, “कोणी चांगली पार्टी बघा ना.”

जागा त्याची आहे, तो कुणालाही देईल, असे आपलेही काही सुशिक्षित मित्र म्हणतात. त्यांनी संविधानाचे कलम 15(2) पुन्हा वाचावे. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की ‘दुकान’ म्हणजे केवळ आत शिरण्याची मुभा नव्हे. अटी मान्य असणाऱ्याला सेवा मिळणे हा त्याचा व्यापक अर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये याच अर्थाचा आधार घेतला. ॲट्रॉसिटी कायद्यातही 2015 च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार गुन्हा ठरला आणि त्याच्या व्याख्येत व्यवहार करायला नकार देणेही येते. कायदा आहे. अडचण अशी की ‘गाळा गेला’ या दोन शब्दांवर तक्रार उभी राहत नाही.

आणि प्रश्न फक्त एका गाळ्याचा नाही. जीएसटी नोंदणीला व्यवसायाच्या जागेचा पुरावा लागतो. धंद्याच्या कर्जासाठी गेलात तर बँकही जागा कुठे आहे ते विचारते. स्टँड-अप इंडियासारख्या योजनेत 10 लाख ते 1 कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद झाली, पण दुकानाच्या शटरची चावी कोण देणार? सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी बाबासाहेबांनी शेअर व्यवहारांचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. जात कळल्यावर ग्राहक आले नाहीत आणि तो बंद पडला. एवढ्या विद्वत्तेलाही बाजाराने जात विचारली.

म्हणून जागा शोधणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे: सगळी बोलणी व्हॉट्सॲपवर ठेवा. गाळा गेला म्हणाले तर तारीख लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी दुसऱ्या माणसाकरवी तोच गाळा विचारा. पुरावा असा जमतो. आपल्या मुलांनी या दलालीत यावे; कोणता गाळा कधी रिकामा झाला, ही माहिती आज मूठभर लोकांच्या गटांत फिरते, ती आपल्या हातात यायला हवी. आणि भाड्याच्या दलालांनाही नोंदणी सक्तीची करा, जात पाहून जागा नाकारणाऱ्या दलालाची नोंदणी रद्द करा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी.

राखीव जागांसाठी आपण लढलो, लढत राहू. पण बाजारातल्या जागेवरही आपला तेवढाच हक्क आहे.

जय भीम!