टिटवीच्या गावी

मुलांनो, पुण्यात बाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सारसबाग, संभाजी बाग, नाही तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. फाटक, हिरवळ, बाकं आणि बाहेर भेळेची गाडी! पण शहराच्या अगदी मधोमध एक बाग अशी आहे, की तिच्यात झाडंझुडपं, पक्षी सगळे आपापले येऊन राहिलेत. तिचं नाव वेताळ टेकडी.

आम्हाला पाषाणला राहायला येऊन वर्ष झालं होतं. टेकडी रोज खिडकीतून दिसायची, पण शाळा, डबे आणि वह्या तपासणं यातून वेळ निघेल तर ना! शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी, ऊन चढायच्या आत, पंचवटीच्या बाजूने आम्ही पाचजण निघालो. सासूबाई सर्वांत पुढे. त्यांचं माहेर वेल्ह्याकडचं. चढ दिसला की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात!

"यात झोपाळे कुठायत?" धाकट्याने पाचव्या मिनिटाला विचारलं.

चढावर बरीचशी एकाच जातीची झाडं होती. ही उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळची मध्य अमेरिकेतली. उघडे डोंगर लवकर हिरवे दिसावेत म्हणून ती पुण्याच्या टेकड्यांवर भरपूर लावली गेली. वाढते भराभर, पण तिच्याखाली दुसरं फारसं उगवत नाही. सासूबाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थोडं वर गेल्यावर मात्र त्या थबकल्या. "अगं, ही तर मेडशिंग!" वाकड्या, लांब शेंगा लोंबत होत्या. अगदी मेंढ्याच्या शिंगांसारख्या. मग काय, सालई, करवंद, तरवड, एकेकाची ओळख सुरू झाली. मी डीएड झालेली शिक्षिका, पण त्या दिवशी बाई त्याच होत्या.

माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पुणे शहरातली ही सर्वांत उंच जागा. जवळच दगडाची जुनी खाण आहे. तिच्या कड्यात काळा कातळ उघडा पडलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो दगड! मुलांचे बाबा हे सगळं रंगात येऊन सांगत होते, तेवढ्यात डोक्यावर कर्कश आवाज सुरू झाला. टिट्-टि-टुइट्! टिट्-टि-टुइट्!

"थांबा तिथंच!" सासूबाई ओरडल्या. "टिटवी हाय. अंडी असतील जवळ. पाय उचलू नका."

आम्ही पुतळ्यासारखे उभे. समोर नुसते खडे आणि वाळलेलं गवत. थोरलीला ती आधी दिसली. आमच्यापासून चार पावलांवर, उथळशा खळग्यात चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची, हुबेहूब खड्यांसारखी! टिटवी घरटं विणत नाही. जमिनीवरच अंडी घालते आणि नर-मादी दोघं ती सुमारे चार आठवडे उबवतात. कडक उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. म्हणजे ते ओसाड वाटणारं माळरान कुणाचं तरी घर होतं.

"उंचावर घातलीत," सासूबाई म्हणाल्या. "औंदा पाऊस चांगला."

तेवढ्यात एक गृहस्थ मोकळा कुत्रा घेऊन आले. थोरली एरवी पाहुण्यांसमोरही बोलत नाही. ती वाटेत जाऊन उभी राहिली. "काका, कुत्र्याला पट्टा लावा ना. इथे अंडी आहेत." काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पट्टा लावला.

मग खरा वाद सुरू झाला. मुलांना अंड्यांभोवती दगडांचं कुंपण करायचं होतं. "कुणाचा पाय पडला तर?" त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण कुंपण केलं की येणारा-जाणारा वाकून बघणार, आणि आपण तिथे घुटमळलो की कावळ्यालाही पत्ता लागणार. शिवाय आपण उभे असेपर्यंत टिटवी अंड्यांवर येत नाही आणि ऊन तर चढत होतं. धाकटा रडवेला झाला, तरी आम्ही तसेच निघालो.

याच टेकडीतून रस्ता काढायच्या बेताविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकरांनी मोर्चा काढला होता. उतरताना थोरलीला ते सांगितलं. "टिटवीला कुणी विचारलं का?" ती म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी पुन्हा गेलो. एक पाऊस होऊन गेला होता. खळगा सापडला, पण रिकामा. पिल्लं बाहेर आली की एकदोन दिवसांतच आईबापांमागे चालू लागतात आणि टरफलं टिटव्या लांब नेऊन टाकतात. पण मुंगूस येऊन गेलं असतं तरी खळगा रिकामाच दिसला असता. मुलं गप्पच झाली.

इतक्यात पलीकडच्या गवतातून आवाज आला. टिट्-टि-टुइट्! एक टिटवी आमच्याकडे झेपावली, दुसरी जमिनीवरूनच ओरडत राहिली. धाकट्याने पुढे टाकलेला पाय हळूच मागे घेतला आणि आम्ही दुसऱ्या वाटेने खाली उतरलो.