सोडतीत निघालेले कलावंत

चि. अनिरुद्धास अनेक आशीर्वाद.

आयर्लंड सरकारने 2022 मध्ये 2,000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या हिशेबाने हे तीसेक हजार रुपये. योजनेचे मूळ कोविडच्या टाळेबंदीत आहे. नाट्यगृहे आणि मैफली बंद पडल्यावर नेमलेल्या कृतिदलाने 2020 साली शिफारस केली आणि तेव्हाच्या मंत्री कॅथरीन मार्टिन यांनी ती अमलात आणली. 'रिकामटेकड्यांना पगार' हे स्वतःचे फोनवरचे शब्द चिरंजीवांनी क्षणभर गिळून पुढचे वाचावे.

पैशापेक्षा नवल आहे ते निवडीचे. अर्ज नऊ हजारांवर आले. अर्जदार खरोखरच चित्रकार, वादक, लेखक किंवा सर्कशीतला कसरतपटू आहे ना, एवढेच तपासले गेले. आठ हजारांवर लोक पात्र ठरले आणि त्यांतून 2,000 नावे सोडतीने निघाली. थोर कोण, सुमार कोण, याचा निवाडा कोणी केलाच नाही. भत्ता न मिळालेल्या आणखी 1,000 जणांकडूनही माहिती घेतली जात होती. खताचा गुण कळावा म्हणून शेतकरी एक वाफा बिनखताचा ठेवतो, तसाच हा प्रकार.

भत्ता मिळालेले लोक कलेला आठवड्याचे काही तास अधिक देऊ लागले आणि त्यांची ओढाताण कमी झाली. 2025 च्या अहवालाने एका युरोमागे समाजाला 1.39 युरोचा लाभ मांडला. (यात मनःस्वास्थ्याला लावलेल्या किमतीचा वाटा मोठा आहे; बँकेत मुरलेल्या माणसाला ते सांगायला नको.) भत्ता करपात्र होता, आणि अपंगत्वाची मदत घेणाऱ्यांची या भत्त्यामुळे पंचाईत झाली. तरीही ऑक्टोबर 2025 मध्ये योजना कायम करण्याचे जाहीर झाले.

महाराष्ट्रही ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधन देतो, 2024 पासून दरमहा 5,000 रुपये. मात्र ते साधारणपणे पन्नाशीनंतरच मिळते, आणि अर्ज निवड समितीपुढून जावा लागतो. ढोलकीवर हात चालतो त्या वयात काही नाही. बोटे आखडली की पुरावे मागायचे. आपल्या पेटीवादक दादांची मानधनाच्या अर्जाची निळी फाइल आठवावी. पिवळी पडलेली हँडबिले, सरपंचांचे दोन दाखले, आणि गंजलेल्या टाचणीने लावलेला पेटीसकटचा फोटो. तीनदा नेली, तीनदा परत आणली. तिसऱ्या खेपेला समोरच्या खुर्चीवरल्या गृहस्थाने विचारले, 'पेटी वाजवून दाखवता का?' दादांनी दाखवली नाही. त्यानंतर घरातही फारशी वाजली नाही.

समिती वाईट माणसांची असते असे नव्हे. दुसऱ्याच्या हयातभराच्या कामाला पाच मिनिटांत गुण द्यायचे, हे कामच माणसाला बिघडवते. म्हणून चिरंजीवांनी अनुदान समितीचे सदस्यत्व स्वीकारले हे ऐकून आनंद झाला नाही. वहिनींनी पेढे वाटले, ते वेगळे. पहिलीच बैठक पुढच्या महिन्यात आहे म्हणतात. चिरंजीवांची झोपेची तक्रार आधीचीच, त्यात हे.

फाइल अजून ट्रंकेतच आहे. बैठकीला जाण्याआधी एकदा येऊन ती चाळून जावी.

कळावे,
काकांचे आशीर्वाद