टायरवरचं शेवटचं अक्षर

साक्रीत टायर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी साइज सांगतं, मग भाव विचारतं. साइजच्या शेवटी छापलेल्या अक्षराबद्दल सहसा कुणी विचारत नाही. ते अक्षर वेगाची कमाल मर्यादा सांगतं: एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी म्हणजे 190, एच 210, व्ही 240. आपल्याकडे एवढ्या वेगाने जातंय कोण, असं म्हणून ते सोडून दिलं जातं. माझं म्हणणं असं, की हे अक्षर वेगाइतकंच उष्णतेबद्दल बोलतं, आणि मे महिन्यात पारा 43-44 वर जाणाऱ्या खानदेशात ते वाचायलाच हवं.

कारच्या टायरवर 185/65 आर 15 88 एच असं लिहिलेलं असतं. 185 ही मिलिमीटरमधली रुंदी, 65 म्हणजे रुंदीच्या 65 टक्के उंची, आर म्हणजे रेडियल, 15 इंची रिम. 88 हा वजनाचा आकडा. त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त 560 किलो. एच हे अक्षर त्या 88 ला धरूनच वाचायचं. फिरताना टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुन्हा उभा राहतो. तार परत परत वाकवली की तापते, तसं रबर तापतं. वेग वाढला की हे दबणं-उठणं वाढतं. अमुक वेगापर्यंत ही उष्णता टायर सोसतो का, हे नवा टायर, पुरेशी हवा आणि ठरलेलं वजन घेऊन ड्रमवर फिरवून तपासतात. युरोपीय नियमात त्या खोलीचं तापमान 20 ते 30 अंश असतं. कोंडाईबारीच्या घाटात किंवा धुळ्याकडच्या उघड्या माळावर दुपारी दोन वाजता ती खोली कुठून आणायची?

नायलॉन आणि रेडियल यांतला फरकही इथेच कळतो. नायलॉनच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे, फुलीसारखे असतात. टायर दबला की ते एकमेकांवर घासतात. रेडियलमध्ये दोरे रिमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो, म्हणून तो कमी तापतो. ट्रकवाले तरी नायलॉन का घेतात? तो स्वस्त पडतो, कच्च्या रस्त्यावर त्याची बाजू दगडाचा मार सोसते. शेतातल्या कांद्याच्या फेऱ्यांना हे पटण्यासारखं आहे. सुरतेपर्यंत सलग धावणाऱ्या गाडीला मात्र मी रेडियलच सांगेन.

आता मुख्य आक्षेप. समृद्धी महामार्गावरसुद्धा कारला 120 ची मर्यादा. मग 190 वाला टी काय कमी पडणार? नव्या, पूर्ण हवेच्या टायरला नाहीच पडत. पण हा फरक म्हणजे शिल्लक आहे, आणि कमी हवा, जादा माणसं, टपावरचं सामान तीच शिल्लक खातात. जुन्या रस्त्यावर गावं, गतिरोधक, घाट यांमुळे टायरला अधूनमधून उसंत मिळते. समृद्धीवर तासभर वेग उतरतच नाही. ट्रकला तर शिल्लकच थोडी. 10.00 आर 20 वर 146/143 के असेल, तर एकेरी चाकाला 3000 किलो, जोडीतल्या प्रत्येकाला 2725, आणि वेग 110. ओव्हरलोड केला, की ते के त्या ट्रकचं राहत नाही.

दुसरा समज जास्त घातक आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून चार-पाच पौंड कमीच ठेवा. फुगते हे खरं. पण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि चालताना वाढणारा दाब त्यात आधीच धरलेला असतो. हवा कमी केली की टायर जास्त दबतो, म्हणजे जास्त तापतो. धुळ्याला पोचल्यावर गरम टायरची हवा सोडणं ही तीच चूक.

वयाचं काय? बाजूवरच्या चार आकड्यांत 2319 असेल, तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. अक्षर मात्र नव्यासारखं ठसठशीत राहतं. रिमोल्ड केलेल्या टायरचंही तसंच: वरचा पट्टा नवा, बाजूवरचं अक्षर जुन्या सांगाड्याचं. तो मागच्या जोडीत चालेल, पुढच्या चाकाला घालू नये.