सूचनावही

आमच्या गावच्या वाचनालयात पूर्वी टेबलाला दोरीने बांधलेली एक सूचनावही असे. पेन्सिलही दोरीनेच बांधलेली. 'पंखा दुरुस्त करावा', 'दिवाळी अंक वेळेवर मिळावेत', 'नवीन कादंबऱ्या आणाव्यात' अशा सूचनांनी ती भरून जाई. वाचनालय सांभाळणारे गृहस्थ दिवसभराची नोकरी आटोपून संध्याकाळी विनावेतन येऊन बसत. पंखा दुरुस्त करायला त्यांनाच खिशात हात घालावा लागे, हे लिहिणाऱ्यांच्या गावीही नसे. विद्यार्थिदशेत मीही त्या वहीत तावातावाने लिहिले आहे. पन्नाशी उलटल्यावर ती वही पुन्हा आठवली, ती एका सॉफ्टवेअरमुळे.

आमची शाळा मराठी माध्यमाची, पण कर्नाटकातली. कचेरीचे कागद कन्नडमध्ये आणि पालकांच्या हाती द्यायचे प्रगतिपत्रक मराठीत. निकालाच्या दिवसांत प्रत्येक मुलाचे नाव दोन लिप्यांत लिहिताना वर्गशिक्षक आणि कारकून यांची दमछाक होई. पुण्यात संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने 2021 च्या दिवाळीच्या सुटीत हे काम करणारे एक छोटे सॉफ्टवेअर लिहून दिले. फुकट तर दिलेच, शिवाय त्याचा सोर्स कोडही सर्वांसाठी खुला ठेवला. म्हणजे पक्वान्नाबरोबर पाककृतीही वाटली. कोणीही खावे, कोणीही करून पाहावे, हवे तर मीठ-तिखट बदलून घ्यावे. हळूहळू आसपासच्या शाळांनीही ते वापरायला घेतले.

आणि मग सूचनावही उघडली गेली. एका शाळेला रकाना आडवा हवा, दुसरीला उभा. कोणाला मुख्याध्यापकांची सही छापून हवी, कोणाला संस्थापकांचे छायाचित्र. फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढताना आपली रसवंती किती फुलते, हे वाचकांना सांगायला नकोच.

सर्वांत कडक पत्र माझे होते. 2024 च्या एप्रिलमध्ये एका मुलाचे 'कऱ्हाडकर' हे आडनाव प्रगतिपत्रकावर 'कर्हाडकर' असे छापून आले. मी मराठीचा एम. ए.! लगेच कळवले, 'मराठी शाळेच्या कागदावर मराठी आडनावाची अशी मोडतोड शोभत नाही. दोन दिवसांत दुरुस्ती व्हावी.' चार दिवस उत्तर नाही. मी स्मरणपत्र धाडले आणि त्याची प्रत इतर मुख्याध्यापकांनाही पाठवली.

त्याच आठवड्यात भाजीबाजारात त्याची आई भेटली. म्हणाली, "सर, पोरगं दिवसभर आफिसात असतंय आणि रात्री दोन-दोनपर्यंत तुमच्या शाळांचं काम करत बसतंय बघा. परवा म्हणालं, सगळं बंद करतो आता." पिशवीतली मेथी चाचपत मी काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो.

रात्री फोन केला. रागावेल असे वाटले होते, पण तो शांतपणे म्हणाला, "सर, संगणकाला साधा र आणि कऱ्हाडकरमधला ऱ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, दोघांचे क्रमांक वेगळे. शाळेत टाइप करताना साधा र पडला, म्हणून रफार आला. प्रोग्रॅम बरोबर आहे." मग थोडे थांबून, "दर्या आणि दऱ्या यांतला फरक तुम्हीच आठवीत शिकवला होता, सर."

यावर काय बोलणार? मी एवढेच विचारले, "अरे, मग त्याच दिवशी का नाही कळवलंस?"

"एकसष्ट सूचना पडून आहेत, सर. तुमची उघडायची हिंमतच झाली नाही."

त्या रात्री त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली 1991 च्या ऑगस्टमधली. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने आपण एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले आणि तुम्हाला तीत काय हवे, असे लोकांना विचारले. मात्र त्याच निवेदनात, सूचना जरूर करा, पण त्या अमलात आणीनच असा शब्द देत नाही, असेही हसत सांगून टाकले. पुढे ती लिनक्स झाली. "ते शेवटचं वाक्य लिहायचं माझ्याकडून राहून गेलं," तो म्हणाला.

दुसरी गोष्ट नुकतीच, मार्चमध्ये उघडकीला आलेली. फाईल लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे खुले सॉफ्टवेअर फिनलंडमधले एक गृहस्थ बरीच वर्षे जवळजवळ एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. 2022 मध्ये काही जणांनी त्यांच्यामागे लकडा लावला: काम मंद चालते, दुसऱ्याच्या हाती द्या. त्यांनी आपल्या प्रकृतीची अडचण सांगितली. हे बिनपगारी काम आहे, हेही सांगितले. अखेर मदतीला आलेल्या एका 'सेवाभावी' माणसाला त्यांनी अधिकार दिले आणि त्याने त्यात गुपचूप चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश मिळायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका आली, म्हणून ती सापडली. नाहीतर जगभरातले असंख्य संगणक धोक्यात आले असते. लकडा लावणारी ती नावेही बनावट असावीत, असा जाणकारांचा कयास आहे. थकलेल्या माणसाला तगादा लावणे हा केवळ असभ्यपणा नाही, हे मला तेव्हा कळले.

पुढच्या रविवारी आम्ही पाच शाळांची माणसे बसलो. त्याने पुण्याहून फोनवर सूचनांच्या तीन याद्या केल्या: 'करतो', 'सवडीने पाहू' आणि 'करणार नाही'. तिसऱ्या यादीत प्रत्येक नकारापुढे कारण लिहिले. 'काय हवे?' यापेक्षा 'अडते कुठे?' असे तो विचारी. चार शाळांनी चार नमुने मागितले होते; विचारता विचारता कळले की सर्वांची अडचण एकच, दोन लिप्यांतली नावे शेजारी-शेजारी मावत नव्हती. तेवढे त्याने केले आणि चारही मागण्या आपोआप मिटल्या. उरलेले काम आम्ही वाटून घेतले. कारकुनाने वापरण्याची माहिती लिहिली, कन्नडच्या बाईंनी कन्नड शब्द तपासले, मराठी माझ्याकडे आले. 'ऱ कसा टाइप करावा' हे टिपण माझेच आहे.

प्रगतिपत्रकावर वर्गातला क्रमांक छापावा, ही माझी जुनी मागणी मात्र तिसऱ्या यादीत गेली. कारण त्याने एका ओळीत लिहिले होते: 'शेवटच्या क्रमांकाच्या मुलाला हा कागद घरी न्यायचा असतो. ज्या शाळेला हवा तिने घालून घ्यावा, कोड खुला आहे.'

वाचून क्षणभर राग आला, हे कबूल करतो. मग आठवले, आठवीत त्याचा स्वतःचा क्रमांक कितवा होता ते. मी मागणी मागे घेतली.