संत्र्याची साल

आमच्या आईच्या उटण्यात संत्र्याची साल कधीच नसे. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन हे सगळे साग्रसंगीत असे. लालबागच्या आमच्या चाळीत इतर बिऱ्हाडांच्या साली आठ-आठ दिवस गॅलरीत वाळत पडत. आमच्या दाराशी मात्र एक साल दिसेल तर शपथ! कोणी विचारलेच तर आई म्हणे, "आमच्यात नाही घालत." जणू कुळाचारच! मीदेखील पुढे बायकोला हेच उत्तर दिले आणि तिने ते पन्नास वर्षे बिनतक्रार पाळले.

गेल्या दिवाळीत या कुळाचाराचे बिंग फुटले.

आम्ही हल्ली परळला चिरंजीवांकडे असतो. ज्या आवारात पूर्वी गिरणीचा भोंगा वाजे, तिथे आता लिफ्टची घंटी वाजते. दिवाळीच्या पंधरवडाभर आधी एका सकाळी मी चहाची पूड शोधत होतो, तो कपाटात काचेची एक बरणी दिसली. आत पिवळसर पाणी आणि त्यात संत्र्याच्या सालीच्या पातळ पट्ट्या. मला वाटले, सूनबाईंनी नव्या तऱ्हेचे लोणचे घातले. सौभाग्यवतींना वाटले, गुडघ्याचे औषध. झाकण काढून वास घेतला मात्र, बरणी हातातून पडायची बाकी राहिली.

"बाबा, ती व्होडका आहे," चिरंजीव शांतपणे म्हणाले. "रविवारी मित्र यायचेत. घरीच कॉकटेल करतोय."

वाचकहो, माझे चिरंजीव इंजिनियर आहेत. त्यांना साधे पाणी कुठे आहे विचारले तरी ते आधी पंपाची माहिती देतात. त्यांनी मला समोर बसवून सगळे समजावून सांगितले. व्होडका धान्यापासून किंवा बटाट्यापासून काढतात आणि ती अशी गाळतात की तिला स्वतःची चव नि वास जवळजवळ उरतच नाही. म्हणून ज्या फळाच्या संगतीत ठेवाल त्याचा गुण ती उचलते. सालीतला सुवास तिच्यातल्या तेलात असतो. ते तेल पाण्यात उतरत नाही, मद्यार्कात उतरते. रशियात आणि पोलंडमध्ये आपल्या मुरांब्यासारख्या अशा बरण्या घरोघरी घालतात. रशियन लोक त्याला नास्तोयका म्हणतात. लहानपणी शेजाऱ्यांच्या पणतीवर आम्ही साल पिळत असू आणि ज्योत तडतडे, ते हेच तेल, हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळले.

कृतीही त्यांनी सांगितली. नागपुरी संत्री, अंबिया बहाराची, नुकतीच बाजारात आलेली. साल सोलून आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकायचा, नाहीतर कडवटपणा उतरतो. पट्ट्या तीन-चार दिवस अंधारात भिजवायच्या आणि गाळायच्या. एका पेल्यात ३० मिलिलिटर ही व्होडका, चौपट ताजा रस, बर्फ, चिमूटभर काळे मीठ.

"व्होडका आणि संत्र्याचा रस. याला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात, बाबा. तेलाच्या विहिरींवरचे अमेरिकन इंजिनियर म्हणे चमच्याऐवजी खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरने ढवळत."

माझे डोके फिरले. मी ओरडलो, "हे माझ्या घरात चालणार नाही!"

"घर त्याचं आहे," सौभाग्यवती हळूच म्हणाल्या.

सूनबाईंचा चेहरा उतरला. चिरंजीव म्हणाले, "चोरून करत नाही, बाबा. परवानासुद्धा काढलाय." त्यांचे खरेच होते. १९४९ चा तो दारूबंदीचा कायदा अजून पुस्तकात आहे; घरी प्यायलाही परवाना लागतो आणि व्होडकेसाठी वय पंचवीस पूर्ण असावे लागते. पण मला चीड आली होती ती दारूची नव्हे. संत्र्याच्या वासाची आणि त्या नावाची.

आमचे अण्णा गिरणीत फिटर होते. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या खाकी पँटच्या खिशात कायमचा. ६ एप्रिल १९५० ला मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली आणि दारू गुत्त्यातून उठून बोळात आली. कुजका गूळ, नवसागर, सडकी फळे यांची भट्टी लागे. माल सायकलच्या ट्यूबमधून हिंडे. वाण्याकडे किलो आले, मिलिलिटर आले, तरी अड्ड्यावरचे माप नवटाकच राहिले. आणि मालाची नावे काय, तर मोसंबी आणि नारिंगी! आजही सरकारमान्य देशी दारू संत्र्याच्या स्वादाची मिळते, ती बहुधा त्याच नात्याने. या चोरट्या मालात कधी मिथाइल अल्कोहोल मिसळलेले असे, आणि मग वस्तीच्या वस्तीत रडारड होई. मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरावर माणसे गेली ती अशीच.

पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाज्यासमोर बायका उभ्या राहत. नवरा अड्ड्याकडे वळायच्या आत पाकीट हाती यावे म्हणून. आई मात्र तिथे कधी उभी राहिली नाही. तिला लाज वाटे. अण्णा ज्या दिवशी पिऊन येत त्या दिवशी तोंडाचा वास जावा म्हणून वाटेत एक संत्रे खात आणि आम्हा तिघा भावंडांसाठी तीन रुमालात बांधून आणत. हंगाम नसला की मोसंबी. रुमाल दिसला की आईचा चेहरा पडे आणि आम्ही नाचू लागत असू. अण्णा पिऊन कधी ओरडले नाहीत, मारले नाही. नुसते भिंतीकडे तोंड करून झोपत. दुसऱ्या दिवशी आई वाण्याची वही घेऊन बसे.

ज्या महिन्यात ते सरळ घरी येत, त्या महिन्यात संत्री येत नसत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अशाच एका संध्याकाळी अण्णा वेळेवर आले. पाकीट आईच्या हातात दिले. आई हसली. इतकी हसलेली ती मला फारशी आठवत नाही. आणि मी विचारले, "अण्णा, संत्री नाही आणली?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मग आईच्या हातातल्या पाकिटातून दोन नोटा काढल्या, चपला घातल्या आणि म्हणाले, "आलोच." ते दहा वाजता आले. रुमालात तीन संत्री होती.

मी माझे खाल्ले. गोड होते.

१९६३ साली अण्णा काविळीने गेले. त्यानंतर आईने घरात संत्रे आणले नाही, त्या संध्याकाळचे एक अक्षरही कधी काढले नाही. तिने मला रागावायला हवे होते, असे मला अजून वाटते.

हे सगळे मी त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी बसून प्रथमच बोललो. सौभाग्यवतींनीही प्रथमच ऐकले. चिरंजीव उठले, बरणी घेऊन बेसिनकडे निघाले. मी म्हटले, "ओतू नकोस. तू मोजून घेतोस, सगळ्यांच्या देखत घेतोस. फक्त एक कर. मोजमाप चुकायला लागलं तर रुमालात काही बांधून आणू नकोस. सरळ येऊन सांग."

"सांगेन, बाबा," ते म्हणाले. इंजिनियर असूनही त्यांनी आणखी काही माहिती दिली नाही.

रविवारी मित्र आले, गप्पा रंगल्या. मला सूनबाईंनी नुसता रस दिला, वर काळे मीठ. पहिला घोट घशाखाली जायला वेळ लागला. मग गेला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सौभाग्यवतींनी उटण्याची वाटी पुढे ठेवली. वास ओळखीचा नव्हता. मी वर पाहिले. त्या संत्र्यांच्या उरलेल्या साली सूनबाईंनी पंधरा दिवस बाल्कनीत वाळवून, मिक्सरमधून काढून घातल्या होत्या.

"घातली तर चालेल ना?" त्यांनी दारातूनच विचारले.

"चालेल," मी म्हटले, आणि पाठ पुढे केली.