वाचनाची परीक्षा

आमच्या पिढीला कायदा शिकायचा तर पदवीनंतर महाविद्यालयात नाव नोंदवले की काम भागे. आता बारावीनंतरच पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाट धरता येते. त्यासाठी बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांची 'क्लॅट' ही सामाईक प्रवेशपरीक्षा २००८ पासून होते. बडोद्यातील मुलांचे लक्ष साहजिकच गांधीनगरच्या विद्यापीठाकडे असते.

माझी नात सध्या हीच तयारी करीत आहे. शिकवणीवर्गातून तिला सांगण्यात आले, की प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, तेव्हा वर्षभर घरातही इंग्रजीच बोलावे. चार पिढ्या गुजरातेत राहूनही ज्या घराने मराठी सोडली नाही, त्याला ही सूचना साधी वाटणे शक्य नव्हते. मुलगा व सूनबाई तयार झाली. मी जुना वकील. पुरावा पाहिल्यावाचून मत द्यायचे नाही, म्हणून प्रश्नपत्रिकाच मागवून वाचली.

१२० मिनिटे, १२० प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि अंकगणित असे पाच विभाग. २०२० पासून प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात. कायद्याच्या विभागात कलमे पाठ असावी लागत नाहीत. नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो समोरच्या घटनेला लावून दाखवायचा, एवढेच. पण एवढेच कठीण असते.

समजा, नियम असा आहे: नोकराने कामाच्या ओघात केलेल्या नुकसानीस मालक जबाबदार. घटना अशी: मालकाला स्टेशनवर सोडल्यावर चालकाने त्याला न विचारता गाडी मित्राच्या लग्नासाठी परगावी नेली आणि वाटेत एक गरीब पादचारी जखमी झाला. मुले कळवळून श्रीमंत मालकाला दोषी ठरवतात. 'कामाच्या ओघात' हे शब्द नजरेतून निसटलेले असतात.

म्हणून आम्ही एक रीत ठरवली. रोज सकाळी अर्धा तास तिने इंग्रजी उतारा वाचावा आणि मग मला मराठीत तीनच वाक्ये सांगावीत: नियम काय, अपवाद कोणता, घटना कोणती. एकदा ती म्हणाली, "आजोबा, इंग्रजीत कळलंय, पण मराठीत सांगता येत नाही." मी म्हटले, "मग अजून कळलेलं नाही, बाळ. पुन्हा वाच." दुसऱ्या वाचनात तिला 'अनलेस' हा शब्द सापडला, साऱ्या उताऱ्याचा अर्थ त्याच्यावर टेकलेला होता.

बाकीचा उपदेश थोडका आहे. वर्तमानपत्र रोज वाचावे. महिनाअखेरीस साठवून नव्हे. घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी आणि चुकलेल्या उत्तरांची कारणे वहीत लिहावीत. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर गिळतात. दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर उरलेल्यांतून निवडण्याचे धाडस करावे.

भाषेच्या प्रश्नाला बडोद्याने फार पूर्वी उत्तर दिले आहे. १९३१ साली येथे 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला. त्यात कायद्याच्या व राज्यकारभाराच्या संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत अशा अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारीशेजारी दिले आहेत. एका भाषेतला न्याय दुसरीत नेताना अर्थ सांडू नये, ही त्यामागची काळजी. वकिलाचे काम तरी वेगळे काय? पक्षकार आपले दुःख गुजरातीत सांगतो, उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत येतो. मधला पूल वकिलाने बांधायचा असतो.

परीक्षेचा निकाल लागायचा तो लागेल. घरातली मराठी मात्र बंद झालेली नाही. रोज सकाळचा अर्धा तास ती पूर्वीपेक्षा काटेकोर झाली आहे.